विरोधाभासाचे दोन गुण

छापखान्यात त्यांना सगळे मात्राकाका म्हणत. शाळा आठवीतच सुटलेली. पण एकतीस वर्षं मुद्रितं तपासताना त्यांनी भल्याभल्या विद्वानांचे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सरळ केले होते.

एकदा दहावीचं भाषेचं पुस्तक तपासताना ते एका ओळीपाशी अडले. ‘विरोधाभास म्हणजे एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी.’ कागद घेऊन ते थेट संपादकांच्या खोलीत गेले.

“साहेब, ही झाली विसंगती. खोटं बोलू नका म्हणायचं आणि आपणच खोटं बोलायचं, तशी. विरोधाभास ऐकताना खोटा वाटतो, पण विचार केला की खरा निघतो. जितकं शिकावं तितकं आपलं अज्ञान वाढत जातं, असं काहीतरी.”

संपादक हसले. “काका, तुम्ही काना-मात्रा बघा. अर्थ बघायला संपादक मंडळ आहे. त्यात यायला निदान शालान्त परीक्षा तरी पास असावं लागतं.”

ते बोलणं काळजाला घरं पाडून गेलं. बायको म्हणाली, “मग बसा की परीक्षेला! तुमचा हात का कुणी धरलाय?”

पन्नाशी उलटलेले मात्राकाका नातीच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसले. भाषेच्या पेपरात नेमका तोच प्रश्न: विरोधाभास म्हणजे काय? दोन गुण. त्यांनी खरं ते लिहिलं. बाकीची उत्तरंही घोकंपट्टी न करता स्वतःच्या शब्दांत लिहिली. निकाल लागला. गणितात पास, विज्ञानात पास आणि भाषेत दोन गुणांनी नापास.

फेरपरीक्षेत प्रश्न पुन्हा आला. ते बराच वेळ पेन धरून बसले. मग पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून उठले. पास झाले. बायकोने आळीभर गोड वाटलं. यांनी तोंडात कणही घातला नाही.

मंडळात घेतल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी त्या ओळीचा विषय काढला.

“एवढी चूक होती, तर परीक्षेत काय लिहिलंत?” संपादकांनी विचारलं.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. थाप मारून निभावता आलं असतं.

“पुस्तकातलंच,” मात्राकाका म्हणाले.

“मग झालं तर!” एकच हशा पिकला आणि पुढचा विषय सुरू झाला.

नवी आवृत्ती निघाली, ती ओळ तशीच ठेवून. मंडळाच्या यादीत सर्वांत खाली त्यांचं नाव होतं. बायको ते पान शेजारणीला कौतुकाने दाखवत होती. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून दोनदा हाका मारल्या. मात्राकाका बाहेर आले नाहीत.