पंख्याला आपण

"पंख्याला म्हण, 'आपण फार छान फिरता.'"

सर म्हणाले. मी म्हणालो. वर्ग हसून फुटला.

गुन्हा असा. आमची जोडपदवी, कायदा आणि पत्रकारिता एकत्र. एका फीमध्ये दोन बेकाऱ्या. कॉलेज ठाण्यात. त्या दिवशी अभिरूप न्यायालय होतं, म्हणजे कोर्ट खोटं, मार्क खरे. सर न्यायाधीश. मी डोंबिवलीतल्या रहिवाशांचा वकील, केमिकल कंपनीच्या वासाविरुद्ध. सर प्रत्येक वाक्य मध्येच तोडत होते. मी असा पेटलो की तोंडातून गेलं, "अरे, तू ऐकून तर घे!"

न्यायाधीशाला. तू.

आमचं गाव विठ्ठलवाडीला खेटून. घर आगरी. आमच्यात बापाला तू, आजीला तू, देवालाही तू. 'आपण' फक्त लग्नपत्रिकेत छापतात.

पंख्यानंतर डस्टर. मग सरांचा जेवणाचा डबा. खोटं कशाला बोलू, मी रंगलो होतो. डब्यापुढे तर कमरेत वाकलो. टाळ्या पडल्या. गाढव टाळ्यांवर खूश.

मग सर म्हणाले, "आता बापाला लाव फोन. स्पीकरवर."

लावला. कुणी हात पिरगळला नव्हता. मीच लावला.

बा कल्याणला रिक्षा चालवतो. "बोल रं. जेवलास का?"

सरांनी बोट नाचवलं. मी म्हणालो, "बाबा, आपण जेवलात का?"

पलीकडे इंजिन बंद झालं.

"कोन हाय रं तुज्यासोबत? कोनी धरलंय तुला?"

वर्ग लोळला. बाकं बडवली.

माझ्या तोंडून 'आपण' आलं म्हणजे कुणीतरी माझी मानगूट धरलीय. बाला एका शब्दात कळलं. मला तीन वस्तूंपुढे वाकूनही कळलं नव्हतं.

सर फोनवर वाकले. "काही नाही रे. तुझ्या पोराला माणसात आणतोय."

रे. तुझ्या.

मी फोन उचलला. "बा, मी बरा हाय. तू जेव." मग सरांकडे वळलो. "सर, माझ्या बापाला आपण म्हणा. पंख्याला चालतं, त्याला का नाही?"

सरांनी मार्कांची वही ओढली.

"लेखी माफी दे. नाहीतर शून्य."

दुपारी पत्रकारितेचा तास. अवतरण जसंच्या तसं द्यायचं, असं तिथे शिकवतात. मी भित्तिपत्रकावर बातमी लावली. मथळा : 'काही नाही रे'. खाली माझं नाव. सर आले, वाचलं, म्हणाले, "फाड ते."

फाडलं नाही. शून्य पडलं.

अभिरूप न्यायालयाचा पेपर पुन्हा द्यायचाय. न्यायाधीश तेच असणार. खुर्चीला मी आपण म्हणेन, रीत आहे. पण खुर्चीतून उतरून कुणी माझ्या बापाला रे म्हणालं, तर त्याला तू म्हणेन. आणि ह्या वेळी ते चुकून तोंडातून गेलेलं नसेल.