दोन सीटांची गाडी

डहाणूच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, आणि माझ्याकडे होती वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार, जिचे पार्ट कुठेच मिळत नसत. रोज संध्याकाळी चिकूच्या झाडाखाली मी त्या बंद गाडीखाली शिरायचो आणि गंजाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. बायको वर सीटवर बसून भाजी निवडत दिवसभराचं सांगायची. मी खालून "हं" म्हणायचो.

एका दसऱ्याला तिने गाडीला झेंडूचा हार घातला, मी चावी फिरवली, आणि इंजिन चक्क गरजलं.

"चल, पारनाक्यापर्यंत जाऊ!" मी ओरडलो.

शेजारी बसून ती काहीतरी बोलली. मग तिनेच हात लांबवून चावी बंद केली.

"काही ऐकूच येत नाही तुम्हाला."

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा गाडीखाली शिरलो. काहीही बिघडलं नव्हतं.