बायकोच्या नावाची मनिऑर्डर

त्या म्हातारीने मला जे सांगितलं ते मी जबाब म्हणून कागदावर घेतलं नाही, तरी आजही ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो आणि इंदापूरच्या ठाण्यावरची नेमणूक ही माझी पहिलीच स्वतंत्र जबाबदारी होती. या हकिकतीतल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. त्यांची मुलंबाळं अजून त्याच मुलखात असतील आणि त्यांच्या दारात पुन्हा एकदा पोलीस उभा करण्याची माझी इच्छा नाही.

एका सकाळी हजेरी चालू असताना बारामती रस्त्यावरच्या एका गावचे बागाईतदार ठाण्यात आले. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा गाडीवान गुळाच्या ढेपा घेऊन बारामतीच्या बाजारात गेला, आडत्याकडून विक्रीचे पैसे घेतले आणि पसार झाला. बैल रिकामी गाडी ओढत दुसऱ्या दिवशी आपले आपण घरी आले. त्या दिवशी गाडीवानाबरोबर गुऱ्हाळाचा गुळव्याही गेला होता. गुळव्या म्हणजे उकळत्या रसाकडे बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा कारागीर. त्याने जबाब दिला होता की बाजारातच आमची फारकत झाली, गाडीवान दौंडच्या छोट्या गाडीत बसायला स्टेशनाकडे गेला. अपहाराचा गुन्हा दाखल झाला, वॉरंट निघालं, आरोपी फरारी म्हणून कागद कपाटात गेले.

बागाईतदारांची नवी खबर अशी की फरारी गाडीवानाच्या बायकोला दरमहा मनिऑर्डर येते. पहिलं वर्षभर ती यांच्याकडे निम्म्या मजुरीवर राबत होती. नवऱ्याने खाल्लं ते बायकोने फेडावं, हा गावचा न्याय. मग एके दिवशी ती कामावर यायची बंद झाली. ते म्हणाले, "माझ्याच पैशावर तिची चूल पेटतीय, फौजदारसाहेब. आनि समोरनं जाताना मान खाली घालत न्हाय आता." मला वाटतं, पैशापेक्षा ती मान त्यांना जास्त सलत होती.

मी जमादाराला घेऊन त्या गावी गेलो. आमचे जमादार मुरलेले, त्याच भागातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पोलीस पाटलाने घर दाखवलं आणि स्वतः चार पावलं मागेच थांबला. आम्हाला बघताच गाडीवानाची बायको दारात थिजून उभी राहिली. दोन मुली होत्या. थोरलीच्या हातात पाटी होती, ती तिने पाठीमागे लपवली, जणू पाटी हाच मुद्देमाल. धाकटीने भीतीने उभ्या जागी परकर ओला केला. गाडीवानाची म्हातारी आई चुलीशी बसून डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी दरडावून विचारत होतो आणि ती बाई "न्हाय जी, म्हाईत न्हाय जी" एवढंच म्हणत होती. झडतीची भाषा काढल्यावर तिने फडक्यात बांधलेली कुपनं आणून दिली. मनिऑर्डरीच्या फॉर्मचा तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहतो आणि त्यावर धाडणाऱ्याला दोन ओळी लिहिता येतात. प्रत्येकावर नवऱ्याचं नाव, रक्कम पंधरा रुपये, शिक्का भिगवणचा आणि मजकूर तोच: "खुशाल आहे. काळजी नसावी." तिला वाचता येत नव्हतं. थोरली मुलगी दर महिन्याला तेच वाक्य वाचून दाखवी आणि बाई दर महिन्याला ते नव्याने ऐके.

पंधरा रुपये म्हणजे काही घबाड नव्हतं. पण घरात फिरून बघताना मला जाणवलं की इथे उद्याची काळजी थोडी कमी आहे. धान्य वाण्याकडून उधार नव्हतं, रोख आणलेलं होतं. दारात एक शेळी आणि तिची दोन करडं. छपराला नवं पाचट. म्हातारीला हिवतापाच्या गोळ्या इंदापूरच्या दवाखान्यातून आणलेल्या. आठ तारखेच्या आत टपालवाला येणार हे ठाऊक असल्यामुळे ती बाई वाण्याला, मास्तरांना, बागाईतदारांना सरळ उत्तर देऊ शकत होती. आणि मी तिथे उभा होतो तो हे सगळं बंद करायला. तिने हात जोडून मला एकच विचारलं, "त्येंला धरलं तर फाशी देत्यात का हो?" मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. माणूस भ्यालेला असला की चूक करतो, हे आमच्या खात्याचं जुनं शहाणपण.

टपाल खात्याच्या वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन आम्ही भिगवणला सापळा लावला. उजनी धरणाचं पाणी यायला अजून बराच काळ होता. भिगवण म्हणजे तेव्हा स्टेशन, चार दुकानं आणि धूळ. पोस्टासमोरच्या चहाच्या दुकानात दोन शिपाई धोतर नेसून बसले, मी आत टपालबाबूच्या मागे. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून एक हात आला. पंधरा रुपये आणि त्या बाईचं नाव. टपालबाबूने ठरल्याप्रमाणे दौत पाडली. मी बाहेर धावलो, तर शिपायांनी धरलेला माणूस आमचा गाडीवान नव्हताच. तो तोच गुळव्या होता, ज्याने पहिला जबाब दिला होता.

त्याच्याकडे उत्तर तयार होतं. गाडीवान आपल्याला दौंड स्टेशनावर दरमहा भेटतो, पैसे देतो, आपण दोस्तीखातर धाडतो. कबूल करतो, फरारी माणसाला मदत केली, सजा द्या. इतकं सरळ कबूल करणाऱ्यावर विश्वास बसतोच. त्याला कोठडीत ठेवून मी चार दिवस दौंडच्या फलाटावर काढले. कुणी आलं नाही. परत येऊन मी त्याच्यावर हातही टाकला. मारहाण मला मान्य नव्हती असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. तो मार खायचा आणि तेच सांगायचा. रिमांडची मुदत संपत आली होती. गुन्हेगार सुटतो की काय, यापेक्षा वरचे साहेब काय म्हणतील याचीच मला जास्त धास्ती होती.

एका दुपारी जमादार माझ्या टेबलावरची कुपनं चाळत बसले होते.  मग म्हणाले, "साहेब, ह्या गाडीवानाची आई जिती हाय न्हवं?"

मी म्हणालो, बघितलीत की तुम्ही, चुलीशी बसली होती.

"मग मनिऑर्डर बायकोच्या नावानं कशी?"

मी शहरात वाढलेला, मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. जमादारांनी समजावलं. ते स्वतः नोकरीत आल्यापासून त्यांची आई होती तोवर पैसे आईच्या नावावर धाडत आले. पलटणीतला शिपाई असो की गिरणीतला कामगार, घरात आई जिवंत असताना कुणी बायकोच्या नावाने पैसे धाडत नाही. धाडले तर गाव हसतं आणि आई अन्न टाकते. खर्च कुणी का करेना, अंगठा आईचा. ते म्हणाले, "एखाद्या खेपेला चुकलं म्हनू. पर तीन वरसं?"

 मी तसाच उठलो आणि एकटा त्या गावी गेलो, साध्या कपड्यांत.

म्हातारी घरात होती. मला ओळखून तिने सुनेला मुलींसह पाण्याला पिटाळलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि विचारलं, "आजी, मनिऑर्डर तुमच्या नावानं का येत नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. 

"पयल्या खेपेलाच कळलं मला," ती म्हणाली. "टपालवाल्यानं सुनेचं नाव पुकारलं आनि माज्या काळजात चर्र झालं. माजा ल्योक आसं करनार न्हाय. त्यो न्हाय आता, हे तवाच समजलं."

मग धाडतो कोण, असं मी विचारलं.

"ज्यानं मारला त्योच धाडत आसंल. दुसऱ्या कुनाला आमची काय पडली? त्या पैशाची भाकर घशाखाली उतरायची न्हाय, सायेब. पर पोरी खायाच्या, मंग म्याबी गिळायची."

सुनेला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, सांगितलं असतं तर ती रडली असती, गावाला कळलं असतं, ठाण्याला कळलं असतं, आणि पैसे थांबले असते. सून तीन वर्षं कपाळाला कुंकू लावत होती आणि ही रोज सकाळी ते बघत होती. दारात टपालवाला दिसला की हिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच भीती वाटायची. शेवटी तिने माझे पाय धरले. मेलेला परत येणार नाही, तुम्ही आला नव्हता असं समजा, एवढीच तिची मागणी होती.

मी पाय सोडवून घेतले.   त्या दिवशी मला कधी नव्हे ती माझ्या कामाची भीती वाटली. पण खून झाला होता आणि ते मला कळलं होतं. ते कळल्यावर न कळल्यासारखं करणारा फौजदार मला व्हायचं नव्हतं.

संध्याकाळी गुळव्याला कोठडीतून काढला, बसायला दिलं, चहा दिला. तो माराच्या तयारीने आला होता, चहाने गडबडला. मी त्याला फक्त विचारलं की तुझी आई आहे का. नाही म्हणाला, बाळंतपणातच गेली. गुऱ्हाळागुऱ्हाळांवर वाढलो. मी म्हणालो, "म्हणून तुला सुचलं नाही. आई असलेला माणूस पैसे आईच्या नावावर धाडतो. म्हातारीनं तुला पहिल्याच महिन्यात ओळखलंय."

 मारून जे निघालं नव्हतं, ते आता थांबवून थांबत नव्हतं. बाजारातून परतताना दोघे कालव्याच्या कडेला हातभट्टीची प्याले. दारूबंदी होती, पण ती कागदावर. मालकाच्या पैशातून थोडे काढून घेऊ, असं हा म्हणाला. गाडीवान म्हणाला, दुसऱ्याच्या पैशाला हात लावणार नाही. झटापट झाली, याने ढकललं, गाडीवानाचं डोकं पुलाच्या दगडावर आपटलं. प्रेत बाभळीतल्या पडक्या विहिरीत टाकून त्याने वरून दगड लोटले. तीन वर्षं ज्याला चोर म्हणत होतो, तो चोरीला नाही म्हणाला म्हणून मेला होता.

मनिऑर्डर का धाडत होतास, या प्रश्नावर तो म्हणाला, "आधी भ्यापायी. त्यो जिता हाय आसं गावाला वाटावं म्हनून. बाजाराचं पैसं सरलं, मंग माज्या मजुरीतनं. पोच भिगवणच्या पोस्टातच यायची, म्या खिडकीवर घ्यायचो, तिच्यावर बाईचा अंगठा. अंगठा दिसला की वाटायचं, जगत्यात. एकांदा महिना चुकला तर मरतील, आन त्ये पाप बी माज्याच डोक्यावर." त्या सगळ्या पोचपावत्या त्याच्या झोपडीत गुळाच्या रिकाम्या डब्यात सापडल्या. एकही कमी नव्हती.

पंचांसमोर विहीर उपसली. मीही दोराने आत उतरलो. हाडांबरोबर एक वहाण निघाली, टाचेला बैलाच्या नालेचा तुकडा ठोकलेली. बाईने ती ओळखली.  तिने सासूकडे बघितलं आणि सासूने मान खाली घातली. त्या एका क्षणात तिला सगळं समजलं. तिने तिथेच पदराने कुंकू पुसलं.

पुण्याच्या कोर्टात गुळव्याला सक्तमजुरी झाली. मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली, सेवापुस्तकात तशी नोंद आहे. गाडीवानावरचा चोरीचा डाग पुसला गेला, याचं मला खरंच समाधान होतं. पण गुळव्याच्या अटकेनंतर आठ तारखेला त्या घरी काही येणार नव्हतं. ते मला बघवेना. मी पगारातून दहा रुपये धाडायचं ठरवलं आणि फॉर्मवर म्हातारीचं नाव घातलं. तीन महिने धाडले. मग माझी बदली झाली, बिऱ्हाड हलवलं, मुलगी आजारी पडली. चौथ्या महिन्याचे राहिले. पाचव्या महिन्यात शरम वाटली, की आता धाडले तर मागच्या महिन्याचं काय सांगू. त्यानंतर धाडलेच नाहीत.

वर्षभराने जमादार निवृत्तीच्या कागदांसाठी भेटले, तेव्हा मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, शेळ्या विकल्या, थोरलीची शाळा सुटली, बाई पुन्हा बागाईतदारांच्या गुऱ्हाळावर जाते. चौथ्या महिन्यात म्हातारी टपालवाल्याची वाट बघत पंधरा दिवस दारात बसून होती, हेही त्यांनीच सांगितलं.

गरिबाला कधीमधी दिलेली मोठी रक्कम उपयोगी पडत नाही, ठरल्या दिवशी येणारे थोडे पैसे पडतात. त्यांच्यावर तो उद्याचा बेत करतो आणि मान वर करतो. नोकरीत मी पुष्कळ काही शिकलो, पण हे मला एका खुन्याने शिकवलं. त्याने तीन वर्षांत एक महिना चुकवला नव्हता. मी चौथ्याच महिन्याला चुकलो.