हिरवीगार शीट

गव्हाणे साहेब आकडे कधी वाचत नसत. मोबाइल हातभर लांब धरायचा, डोळे बारीक करायचे आणि शीटमध्ये लाल किती दिसतं तेवढं बघायचं, ही त्यांची तपासणी. परतूरकडच्या आमच्या आरोग्य केंद्राची सगळी माहिती त्यांच्या ताब्यात होती. एवढ्या भांडवलावर ते स्वतःला तज्ज्ञ समजत. उथळ पाण्याला खळखळाट फार!

त्यांचं कर्तृत्व एकच. गरोदर बायांच्या ऑनलाइन शीटला त्यांनी नियम लावला होता: हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की चौकट आपोआप लाल, नाहीतर हिरवी. लाल दिसलेल्या बाईला त्याच दिवशी जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. नियम चांगला होता, हे नाइलाजाने कबूल करते. "आकडे काय वाचून राह्यल्या सिस्टर? रंग बघा, जल्दी होतं," असं ते मला सुनवायचे. हळूहळू मीही रंगच बघायला लागले.

मग आढावा बैठक आली. शीट लाल दिसली की साहेबांना वरून बोलणी बसत. या महाभागाने बायांचं रक्त वाढवायचं सोडून नियमच बदलला. साताच्या जागी पाच टाकलं. क्षणात सगळी शीट हिरवी. आम्हाला सांगायची तसदीही घेतली नाही. बैठकीत पाठ थोपटून घेतली आणि नियम पूर्ववत करायला विसरले.

त्याच आठवड्यात सातव्या महिन्यातली नसरीन सासूबरोबर आली. लॅबवाल्याने तिचा आकडा सकाळीच भरला होता.

"सिस्टर, हिला चक्कर येऊन राह्यली. जालन्याला न्यावं लागतंय का?" सासूने विचारलं.

मी मोबाइल उघडला. चौकट हिरवी. आत सहा लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. "न्हाई मावशी, बराबर हाय," म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. आठ दिवसांनी जालन्याच्या रस्त्यावर, जीपमध्येच नसरीन गेली. पोटातलं बाळही गेलं.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "मी फक्त शीट बघतो. पेशंट तर सिस्टर बघतेत." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे त्यांची बदली झाली, शाल-श्रीफळ मिळालं. त्यांची मला आजही किळस येते.

निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले नाही. त्या दुपारी मी नसरीनच्या घरी गेले. साहेबांनी नियम कसा बदलला, ते सगळं तिच्या सासूला सांगितलं.

"तुमच्या साहेबाला मी वळखत न्हाई," ती म्हणाली. "पोरगी तुमच्यासमोर बसल्ती. तिचं तोंड पांढरं पडल्तं, ते तुम्हाला दिसलं न्हाई का?"