पाठीची शिवण

मास्तरांच्या तोडीचा शिंपी गावात दुसरा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना नव्हतं त्यांना मास्तर स्वतःच सांगत. कोणाचा खांदा उतरता, कोणाची पाठ वाकलेली, कोण पोट आत ओढून माप देतो, हे ते टेप न लावता ओळखत. दर शनिवारी दुकान बंद केलं की ते चर्चमध्ये जाऊन फादरांपुढे आठवड्याची पापं घडी घालून ठेवत. गिऱ्हाइकाला खोटा वायदा केला, बायकोवर खेकसलो, प्रवचनात डुलकी लागली. एक पाप मात्र एकतीस वर्षं तळाशीच राहिलं होतं.

त्याचं असं झालं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि कोट शिवायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. ते माप घेत असताना आई कौतुकानं म्हणाली, "कसाही शिव रे, माझ्या धाकट्याला काहीही शोभतं."

हे शिंप्याला सांगायचं! तेही हातात टेप असताना! मास्तरांच्या काळजात जी सुई गेली, ती निघेचना. शेवटी त्यांनी पाठीची मधली शिवण कच्च्या दोऱ्यानं घातली. हा दोरा कापड जुळवण्यापुरता घालतात आणि मग ओढून काढतात. मास्तरांनी तो काढला नाही. वरून छान इस्त्री फिरवली.

वेदीपुढे नवरदेव गुडघे टेकून वाकला, सगळं चर्च शांत झालं आणि कोट मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवला. नवरीची आत्या हसता हसता बाकाखाली गेली. आता धाकटा आपल्या नावानं ओरडणार म्हणून मास्तर तयारीत होते. पण त्यानं बाहेर येऊन मास्तरांचेच हात धरले. "दादा, तुझ्या मेहनतीची माती केली रे मी. हे मेलं पोट!"

पोट होतं कुठे त्याला! पण त्यानं तिथल्या तिथे लोणी, बटाटा आणि केक सोडला. माणूस असा हट्टी की शपथ पाळलीसुद्धा. पुढे दर रविवारी मास्तर त्याच्याकडे जेवायला जात. सगळ्यांच्या ताटात बटाटे, धाकट्याच्या ताटात उकडलेला कोबी.

अशाच एका रविवारी पुतणी म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात तरी केकचा एक तुकडा खा."

"नको बाई. एकदा दादाचा कोट फाडलाय, तेवढा तमाशा पुरे."

सगळे हसले. मास्तरांनी उचललेला बटाटा परत ताटात ठेवला.

पुढच्याच शनिवारी त्यांनी तळाचं पाप बाहेर काढलं. जाळीपलीकडून कापडाची सळसळ ऐकू आली. फादरांचा झगाही मास्तरांनीच शिवला होता, आणि ते पाठीची शिवण चाचपत होते.

"ती पक्की आहे, फादर," मास्तर कसनुसे म्हणाले.

"बरं. मनापासून पश्चात्ताप झालाय, तेव्हा देव क्षमा करतो. त्याबद्दल शंका ठेवू नका. पण कोबी अजून तुमचा भाऊ खातोय. त्याला जाऊन सांगा."

"आणि तो माझ्यापासून तुटला तर?"

"ती भीती घेऊनच जा."

लेकीच्या लग्नासाठी कोट शिवायला धाकटा दुकानात आला तेव्हा मास्तरांनी त्याच्या छातीभोवतीची टेप सोडली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी जाडा नव्हतोच?"

"नव्हतास."

"एकतीस वर्षं कोबी खाल्ला मी, दादा! आणि तू समोर बसून बटाटे खात होतास?"

"हो."

"वर आणखी मागून घेत होतास!"

धाकटा टोपी घेऊन निघून गेला. रविवारी जेवायचा निरोप आला नाही. मास्तरांनी घरीच कोबी उकडायला सांगितला. बायकोला वाटलं, यांना ताप आहे.

बुधवारी धाकटा परत आला आणि कागदात गुंडाळलेला तो जुना कोट त्यानं टेबलावर आपटला. "शिव. लग्नात हाच घालणार."

"हा आता ढगळ होईल. तू वाळलास रे."

"कोणामुळे?"

मास्तरांनी मान खाली घातली. "राग गेला नाही ना?"

"असा कसा जाईल? पण रोज प्रार्थनेत म्हणतो, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी, देवा, तू आम्हाला कर. इतकी वर्षं फुकटच म्हणत होतो, करायला मोठं काही मिळालंच नव्हतं. आता मिळालंय, तर करतो. एका दमात होणार नाही, सांगून ठेवतो."

मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांत पाणी आलं की अगदी जवळचंही दिसत नाही.

"आणि पोटाशी चार बोटं कापड आत दाबून ठेव. केक खाणार आहे मी. रविवारी जेवायला ये. कोबी तुझ्या ताटात."

"किती रविवार?"

"आधी ये तर!"

मास्तरांनी टेप उचलली. धाकटा समोर उभा राहिला, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पोट आत न ओढता.