कॉलरताईची टकळी

तिला सगळे कॉलरताई म्हणत. तिनं शिवलेली कॉलर मानेवर अशी बसे की गिऱ्हाईक आरशापुढून हलत नसे. स्वतःच्या लेकीला मात्र ती भर उन्हाळ्यातही उंच, उभ्या कॉलरचेच फ्रॉक शिवी. लेकीच्या मानेवर डाव्या बाजूला जन्मापासून टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्यातून अधूनमधून चिकट पाणी झिरपे. चारचौघांत शोभा नको म्हणून ताईनं ताकीद दिली होती, "मानेबद्दल कुणी विचारलं तर चकार शब्द काढायचा नाही." एरवी पोरीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून तर तिला टकळी म्हणत. पण आईचं एवढं एक ती पाळायची.

दवाखान्यात शिरण्याआधीही ताई जिन्यातच मान लख्ख पुसून घेई. मग डॉक्टरांना काय दिसणार, कपाळ? मान सुजली तेव्हा त्यांनी गळू समजून चिरा दिला. काही दिवसांनी ते पुन्हा भरलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी कॉलर उघडली. "पुसून आणलंत ना?"

ताईनं हातातला ओला रुमाल पदराआड केला.

"रुमाल माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी मानेवरून हलकेच बोट फिरवलं, तसा भोकाशी एक थेंब जमला. "हे गळू नाही. बाळ पोटात असताना जी वाट बुजायला हवी, ती बुजलीच नाही. इथून पार घशापर्यंत नळी आहे. अख्खी काढावी लागेल. शेजारून जिभेच्या नि आवाजाच्या नसा जातात. आम्ही जपतोच, पण सांगून ठेवते."

ऑपरेशन चालू असताना ताई बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. कितीही जपून उसवलं तरी कधी कधी कापड फाटतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

टकळी शुद्धीवर आली. नर्सनं विचारलं, "काय गं, मान दुखते का?"

टकळी गप्प.

नर्सनं पुन्हा विचारलं. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले. ताईला वाटलं, गेला, पोरीचा आवाज गेला!

मग तिला दिसलं, पोर नर्सकडे बघतच नव्हती. चादर हनुवटीपर्यंत ओढून ती आईकडे बघत होती.

"सांग गं बाळा," ताई कशीबशी म्हणाली. "मानेचं सगळं सांग. कुणालाही सांग."

"दुखतंय," टकळी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आधीपण दुखायचं."