सांगाड्याचा जबडा आणि कमलबाईंचा हात

तीन सांगाडे मालकांच्या अंगणात खुर्च्यांवर बसले होते आणि तिघांचे जबडे उघडे ते उघडेच होते. मी मधल्याच्या कवटीत मान घालून वायर शोधत होतो. तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला.

"मिस्तरी, हाई काय लावेल शे? तठे दोन जिन बंद पडेल शेतस अन् तुम्ही आठे हाडकेसना दात देखी ऱ्हायनात."

आमचं जिनिंग तापीकाठी, सारंगखेड्याहून फार लांब नाही. जिन नावाच्या मशिनींवर कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, हे आमचं काम. बावीस वर्षं मी तिथे मेंटेनन्स बघतो. मोटर, बेल्ट, बेअरिंग, पॅनल, सगळं माझ्या अंगावर. सांगाडे मात्र पहिल्यांदाच अंगावर आले होते.

ते आले अमेरिकेहून. मालकांची सून आणि नात जिया जूनमध्ये कायमची गावी परतली. मुलगा तिकडचं आवरून मागाहून येणार होता. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन असतो. लोक हौसेने अंगणात भुतं मांडतात आणि पोरं ती बघायला घरोघरी हिंडतात. जियाचा बाप दरवर्षी हे बोलके सांगाडे मांडायचा. सामानाच्या पेट्यांमधून तेही आले, आणि जियाच्या आईने त्यांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये घातला. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची. धूर निघाला आणि पॉवर सप्लाय गेला तो गेलाच.

"सीझन सुरू झालाय, भाई," मी म्हणालो. "मी जातो जिनवर. हे राहू द्या."

मालक बाजूची खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आला. "नको. शाळामाईन मॅडमना फोन उना. चार महिना व्हयनात, पोरगी वर्गमा तोंड उघडत नही. मराठी बोलनी का पोरं हासतस. शनवारले तिनी बठ्ठा वर्गले बलायेल शे. कसं बी करा, मिस्तरी, हाई चालाले पाहिजे."

मी पुन्हा कवटीत मान घातली. अकरा वर्षांची पोर, शनिवारी सगळा वर्ग अंगणात बोलावून बसलेली. आता नाही जमलं तर त्या पोरांसमोर पुन्हा तिचंच हसं.

काम समजायला सोपं आहे. पंख्याची मोटर नुसती फिरते. सर्व्हो ही चिमुकली मोटर सांगितल्या कोनावर जाऊन थांबते आणि तिथेच धरून राहते. एक सर्व्हो मान फिरवतो, एक जबडा हलवतो. कंट्रोलर नावाचा छोटा बोर्ड कोणत्या क्षणी कुणी किती वळायचं ते सांगतो. आवाज वेगळ्या कार्डवरून स्पीकरला जातो. कंट्रोलर मोबाईलच्या चार्जरवर चालत असल्याने वाचला होता. सर्व्हो आणि स्पीकर दोन्हींसाठी मी पॅनलमधला एक जुना सप्लाय काढून बसवला. हे वाक्य लक्षात ठेवा, माझं नाक पुढे यातच कापलं गेलं.

सांगाडे हलले. जियाने बापाचं इंग्रजी बोलणं काढून स्वतःच्या आवाजात नवं भरलं होतं. चक्क अहिराणीत! मी बघतच राहिलो.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कमलमावशीने," ती पुटपुटली.

कमलबाई आमच्याकडे जिनवर कापूस लावतात. मशिनींच्या आवाजात निम्मं आयुष्य गेलं, कान जवळपास गेलेच आहेत. पण जिन चालू असताना तिथे कान असून तरी काय उपयोग? बाया आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सासू रुसली, सगळं बिनआवाजी. माझ्यासमोर माझीच टिंगल करून खिदळतात आणि मला ओ की ठो कळत नाही. जिया दुपारी कमलबाईंजवळ जाऊन बसायची. बाकीच्या बोलण्याला लाजणारी पोर हे ओठांचं बोलणं मात्र पटकन शिकली होती. त्यात हसणारं कुणी नव्हतं ना.

गुरुवारी दुपारी मी ट्रायल घेतली. डावा सांगाडा बोलला, "मन्हं पोट कोठे पडनं? कोनी देखं का?" मी खूश. कमलबाई डबा खाऊन हात धुऊन आल्या होत्या. ओळी त्यांनीच शिकवलेल्या. त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि मान हलवली.

"भाऊ, हाऊ खोटं बोली ऱ्हायना."

"तुम्हाला ऐकू आलं?" मी ओरडून विचारलं.

"ऐकाले कशाले लागस? देखी ऱ्हायनू ना. पोट म्हनतांना तोंड मिटस. याना तोंड मिटतच नही."

मी मनात म्हटलं, सांगाड्याला ओठ तरी कुठे आहेत. पण पुन्हा चालवून बघितलं आणि त्यांचंच खरं निघालं. तो कंट्रोलर आवाज मोठा झाला की जबडा मोठा उघडतो, लहान झाला की कमी. माणसाचं तसं नसतं. प, ब, म बोलताना तोंड बंद होतंच. सांगाडा म्हणत होता "पोट", दिसत होतं "ओट". काहीतरी चुकतंय एवढं पोरांना जाणवलंच असतं आणि ती हसली असती.

मग प्रत्येक मिटणं हाताने भरायला बसलो. कमलबाई जियाच्या तोंडाकडे बघत. जिया ओळ म्हणे, तीच नव्याने रेकॉर्ड होई. जिथे ओठ मिटतील तिथे कमलबाई मांडीवर थाप मारत, त्याच क्षणी मी लॅपटॉपवर बटण दाबे. दोन दुपारच्या सुट्ट्या गेल्या. खात्री करायला मी रेकॉर्डिंग एकदम हळू चालवून तपासलं. एकही थाप इकडची तिकडे नव्हती. चुकला होता तो माझा अंगठा, चार ठिकाणी. मी आयटीआय केलेला, परदेशी मशिनींची मॅन्युअलं वाचलेला माणूस. त्या दिवशी मी कमलबाईंना मनापासून हात जोडले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, चहा पाजा."

चहा पाजला. आणि खुशीत आणखी एक केलं. जबडा मिटला की दातांवर दात कट्ट आवाज करून बसला पाहिजे, म्हणून मिटण्याचा कोन थोडा जास्तच दिला. दिसायला झकास झालं.

शनिवारी दिवेलागणीला पोरं आली, चाळीसेक तरी. जिया खुर्च्यांच्या मागे, कापूस भरायच्या गोणपाटाच्या पडद्याआड, हातात बटण घेऊन उभी. मी बाजूला. पोरांच्या मागे भिंतीला टेकून कमलबाई.

पहिला सांगाडा पोट शोधू लागला. पोरं दचकली, मग खदखदून हसली, पण बरोबर जागी हसली. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं. आणखी हशा. मग आली तिघांनी एकदम म्हणायची ओळ: "माय वं, पापड वाढ माले."

"माय"चा म निघाला आणि तिथेच आवाज गेला.

जबडे मात्र थांबले नाहीत. तीन सांगाडे मुकाट्याने तोंडं हलवत राहिले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. जियाचा चेहरा पांढरा पडला. ओळी तिला पाठ होत्या, पण ती सांगाड्यांच्या मागे होती. कुठली ओळ चालू आहे, जबडा कुठे आला आहे, तिला काहीच दिसत नव्हतं.

कमलबाई भिंतीपासून सुटल्या. नजर जबड्यांवर ठेवून त्यांनी हात वर केला, पडद्याच्या फटीतून बघणाऱ्या जियाचं लक्ष वेधलं आणि ओठ हलवायला लागल्या. आवाज नाही. जबडा जिथे होता, तिथूनच.

आणि पडद्यामागून पोरीचा आवाज आला. आधी चिरका, मग मोकळा. "पोट नही, तरी भूक लागस!" जबडा मिटला तिथे तिचे ओठ मिटले. पोरांना वाटलं, हे असंच ठरलेलं होतं. पुढच्या सगळ्या ओळी तिने म्हटल्या, शेवटी पडदा बाजूला सारून समोर येऊन म्हटल्या. पोरं ओरडली, "परत! परत!" मालक ओट्यावर बसले होते. ते उपरण्याने डोळे पुसत होते आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. मला तर रडूच आलं.

रविवारी सकाळी फॉल्ट शोधला. चूक माझीच. दात दातांवर टेकल्यावरही सर्व्हो आणखी मिटायला जोर करत राहतो आणि भरमसाट करंट ओढतो. एकेकाने ओढला तोवर सप्लायने सोसला. तिघांनी एकदम "माय"चा म मिटला, व्होल्टेज पडलं आणि त्याच सप्लायवरचा स्पीकर बंद झाला. ट्रायलला मी एकेक सांगाडा चालवला होता, तिन्ही एकदम कधीच नाही. तेव्हा धडा एवढाच: मिटणाऱ्या जबड्यात ब्लेडच्या पात्याएवढी फट ठेवा आणि स्पीकरचा सप्लाय वेगळा घ्या.

सोमवारी स्पीकरसाठी नवा सप्लाय घेऊन मालकांच्या अंगणाकडे निघालो. जिन पूर्ण जोरात चालू होते. पलीकडे दारात कमलबाईंजवळ जिया दप्तर घेऊन उभी होती. मी सप्लाय वर करून दाखवला, बसवू का म्हणून खूण केली. तिने मानेनेच नको म्हटलं आणि आवाज न काढता काहीतरी बोलली. कमलबाई मला समजवायला पुढे येऊ लागल्या. मी त्यांना हातानेच थांबवलं. पोरीचे ओठ दोनदा मिटले होते, एकदा म ला, एकदा ब ला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाचता आलं.

"मीच बोलसू."